कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं

आमच्या घरात मला 'काळजीवाहू सरकार' म्हणतात. नाव नवऱ्यानं ठेवलं. गॅसचं बटण बंद केल्यावर मी परत येऊन ते बघते, दाराची कडी लावून हलवून पाहते आणि लेक झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरते, एवढ्यावरून. सासूबाई या नावाला हसत नाहीत, पण माझी बाजूही घेत नाहीत. "आम्ही चार वाढवली," एवढंच म्हणतात. पुढचं वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण करायचं असतं.

बाळंतपणानंतर काळजी जरा हाताबाहेर गेली होती, हे मी नाकारत नाही. डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी गोळ्या दिल्या नाहीत, एक युक्ती दिली. म्हणाल्या, काळजी वाटली की स्वतःला विचारायचं, बोट ठेवून दाखवता येईल असं समोर काही आहे का? असलं तर ते काम आहे, उठायचं आणि करायचं. नसलं तर पाणी प्यायचं आणि झोपायचं.

घरी या युक्तीचा फारसा उपयोग झाला नाही. घरात मला बोट ठेवायला पुष्कळ काही सापडतं. उपयोग झाला तो कामावर.

मी किनाऱ्यावरच्या वीजकेंद्रात ऑपरेटर आहे. आमच्या आणि पलीकडच्या देशानं मिळून समुद्रात पवनचक्क्या उभारल्या आहेत. त्यांना मधे धरून एक केबल आमच्या किनाऱ्यावरून निघते आणि त्यांच्या किनाऱ्यावर जाऊन वर येते. वारा त्यांच्याकडचा असो की आमच्याकडचा, वीज ज्याला हवी त्याला मिळावी, असा करार. करार व्हायला इतकी वर्षं लागली की सुरुवातीच्या बैठकांना जाणारे लोक निवृत्त होऊन नातवंडं खेळवू लागले. कोणाचा झेंडा डावीकडे लावायचा, यावर म्हणे एक अख्खी बैठक खर्ची पडली होती.

आमचं काम मात्र करारात मावण्यासारखं नाही. दोन सवयींवर ते चालतं. पहिली सवय बोलण्याची. पलीकडच्या केंद्राशी आमचा थेट फोन आहे. एकीनं सांगितलेलं वाक्य दुसरीनं जसंच्या तसं परत म्हणायचं, मग पहिलीनं 'बरोबर' म्हणायचं, आणि त्यानंतरच वीज सोडायच्या-तोडायच्या खटक्याला हात लावायचा. नुसतं 'हो हो, कळलं' चालत नाही. पलीकडे बहुतेक वेळा एकच बाई असते. वयानं माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या तिसऱ्याच भाषेत बोलतो, पण 'ताई' हा शब्द तिनं आमच्या भाषेतला उचललाय आणि आता उलट मलाच ताई म्हणते. लेकीच्या पोटात दुखायचं तेव्हा तिनं मला पोटावर गरम फडकं कसं ठेवायचं ते शिकवलं होतं, आणि तेही मी परत म्हणून दाखवल्यावर 'बरोबर' म्हणाली होती.

दुसरी सवय कुलपाची. केबलवर माणूस काम करणार असेल तर केबलचा खटका उघडून, म्हणजे वीज तोडून, ठेवतात आणि त्याच्या दांड्याला सहा भोकांची एक लोखंडी पट्टी अडकवतात. कामावर जाणारा प्रत्येक जण त्या पट्टीत आपलं कुलूप घालतो आणि चावी खिशात घेऊन जातो. पट्टीत एकही कुलूप असेपर्यंत दांडा हलत नाही. आणि कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं. साहेबानं नाही, मित्रानं नाही, बापानंसुद्धा नाही. माझ्या मुलीच्या पाळणाघरात असंच आहे. सकाळी ज्यानं मूल सोडलं त्याच्याच हातात संध्याकाळी देतात. एकदा माझा नवरा आणायला गेला तर त्याला बाहेर बाकावर बसवून ठेवलं होतं. तो चिडला. मी त्या बाईंना फुलं दिली.

उद्घाटनाच्या सकाळी मी पाळीवर आले तेव्हा पट्टीत एक कुलूप होतं.

ते जाड, निळ्या रंगाचं आणि कोपऱ्यात चेमटलेलं होतं. पलीकडच्या जॉइंटरचं. जॉइंटर म्हणजे केबलचे तुकडे जोडणारा कारागीर. भरघोस मिशांमुळे आमच्या केंद्रात त्याला सगळे मिशाकाका म्हणायचे. चार दिवस आमच्याकडे राहून, आमच्या टोकाची तपासणी करून, आदल्या संध्याकाळच्या बोटीनं तो आपल्या देशात परत गेला होता. जाताना माझ्या लेकीसाठी लाकडाचा एक मासाही देऊन गेला. पण कुलूप काढून गेला नव्हता.

दुपारी दोन्ही देशांचे मंत्री आपापल्या किनाऱ्यावर एकाच क्षणी बटण दाबणार होते. आमच्या मंत्र्यांचं बटण थेट या खटक्याला जोडलेलं होतं. बाहेरच्या आवारात मांडव, खुर्च्या, मोठा पडदा. आतल्या हॉलमध्ये मी, तो दांडा आणि ते निळं कुलूप.

साहेबांना, म्हणजे आमच्या केंद्रप्रमुखांना, मी लगेच सांगितलं. त्यांच्या अंगावर नवा कोट होता आणि मानेला कॉलर टोचत होती. ते म्हणाले, विसरला असेल, म्हातारा झालाय, कापून टाका. मी म्हटलं, चावी तो गळ्यात दोरीनं अडकवतो, आंघोळीलासुद्धा काढत नाही असं सांगायचा. असा माणूस कुलूप विसरत नाही. साहेब म्हणाले, तो माणूस आत्ता इथे आहे का? आपल्या टोकाला कोणी काम करतंय का? मी सगळं स्वतः फिरून पाहिलंय, आत चिटपाखरू नाही.

"केबल इथे संपत नाही साहेब," मी म्हटलं.

त्यांनी कॉलर सैल केली. म्हणाले, पलीकडे फोन लावून विचारा आणि विषय संपवा.

मी थेट फोन उचलला. ताई नव्हती. एका पुरुषाचा आवाज आला, गोड, रेडिओवर बोलावं तसा. ऑपरेटरला आज दुसरीकडे नेमलंय, तो समारंभाचा समन्वय बघतोय, सगळं अगदी तयार आहे, असं तो म्हणाला. मी त्याला मिशाकाकांबद्दल विचारलं. कोण ते त्याला माहीत नव्हतं. मग मी सावकाश म्हटलं, "तुमच्या टोकाला केबलवर एकही माणूस काम करत नाही. हे वाक्य तुम्ही परत म्हणा."

"हो हो, अजिबात काळजी करू नका," तो म्हणाला.

आयुष्यभर मला हे वाक्य ऐकवलं गेलंय. पण आमच्या कामात ते वाक्य म्हणजे उत्तर नव्हे. मी त्याला पुन्हा तेच म्हणायला सांगितलं. तो हसला, शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.

मी पाणी प्यायले. स्वतःला विचारलं, समोर काही आहे का? समोर कुलूप होतं. मी त्यावर खरोखरच बोट ठेवून पाहिलं. थंडगार होतं.

साहेबांना मी सांगितलं की मालकाचा आवाज ऐकल्याशिवाय हे कुलूप निघणार नाही. मिशाकाकांचा मोबाइल लागत नव्हता. ताईचा खाजगी नंबर माझ्याकडे होता, पोटदुखीच्या दिवसांत घेतलेला. तिला लावला, वाजत राहिला. निरोप ठेवला की जिथे असशील तिथून फोन कर.

तेवढ्यात मंत्रालयातून आलेले एक अधिकारी आत आले. सकाळपासून आम्ही त्यांना आपसात 'वेळापत्रक' म्हणत होतो, कारण ते दुसरं काही बोलत नव्हते. साहेबांनी त्यांना बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. वेळापत्रक माझ्याजवळ आले. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवला नाही. म्हणाले, बाई, दोन देशांनी अर्धी पिढी या दिवसासाठी घालवली. पलीकडचे मंत्री कॅमेऱ्यासमोर उभे राहणार आणि आपल्याकडे दांडा हलणार नाही, कारण एक म्हातारा कुलूप विसरला. उद्याच्या पेपरात काय येईल याचा विचार करा.

मी म्हटलं की तो विसरला असेल तर एका फोननं कळेल, फोन होईस्तोवर थांबू. ते म्हणाले, मंत्री थांबत नसतात.

मग साहेबांनी तो विषय काढला. मी वाटच बघत होते.

"हे बघा," ते हळू आवाजात म्हणाले, पण वेळापत्रकांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. "बाळंतपणापासून तुम्हाला त्रास होतोय, आम्हाला माहितेय. सगळीकडे धोका दिसतो. समजू शकतो मी. म्हणूनच म्हणतो, आज घरी जा. मूल लहान आहे तुमचं, नोकरीचा विचार करा."

वाईट याचं वाटलं की क्षणभर माझाही त्यांच्यावर विश्वास बसला. रात्री कडी हलवून बघणारी मीच ना. कुठून तरी सासूबाईंनी वाढवलेले चार जण रांगेत उभे राहून माझ्याकडे बघताहेत असं वाटलं. खरंच म्हातारा विसरला असेल. घरी बसून मिशा पुसत असेल. आणि मी दोन देशांची शोभा करणार.

"माझी काळजी खोटी असेल साहेब," मी म्हटलं. "कुलूप खरं आहे."

आणि मी माझ्या पिशवीतून माझं कुलूप काढलं. पिवळं आहे ते. त्यावर माझा फोटो चिकटवलेला असतो, नियमच आहे तसा, आणि फोटोच्या खाली लेकीनं लावलेलं बदकाचं स्टिकर आहे, ते नियमात नाही. मी ते निळ्या कुलपाशेजारच्या भोकात घातलं, दाबलं, चावी काढली आणि खिशात टाकली. खट् असा लहानसा आवाज झाला. बाहेर मांडवात माइक तपासणाऱ्या माणसाचे आकडे तेवढे ऐकू येत होते.

वेळापत्रक म्हणाले, "हे काय केलंत तुम्ही?"

"आता दोन माणसांना विचारावं लागेल," मी म्हटलं. "त्यातलं एक इथे उभं आहे. विचारा."

साहेबांनी विचारलं नाही. त्यांनी भाऊंना हाक मारली. भाऊ आमचे जुने तंत्रज्ञ, कोणतंही काम सांगा, आधी नाकातून एक सुस्कारा सोडतात. साहेब म्हणाले, मोठा कटर आणा, ही दोन्ही कुलपं तोडायची आहेत. भाऊंनी सुस्कारा सोडला. कुलपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाले की कटर स्टोअरमध्ये आहे. आणा मग. स्टोअर बंद आहे, कारण आज सगळी माणसं मांडवात लावलीत. चावी कोणाकडे? ती साहेबांच्या ड्रायव्हरकडे, कारण खुर्च्या काढायला त्यालाच पाठवलं होतं. आणि ड्रायव्हर? तो विमानतळावर, पाहुण्यांना आणायला.

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. दुसरा कटर शोधा, ते म्हणाले. भाऊ शोधायला गेले. भाऊ शोधायला जातात तेव्हा एखादी लग्नाची वरात त्यांना मागे टाकून पुढे जाईल. थोड्या वेळानं परत आले ते तारा सोलायची पक्कड घेऊन. साहेबांनी ती त्यांच्या हातातून हिसकावली, पाहिली आणि परत दिली. भाऊ पुन्हा गेले. भाऊंनी हे मुद्दाम केलं की ते मुळातच तसे आहेत, हे मला आजही माहीत नाही. मी विचारलं तर सुस्कारा सोडतात.

मी दांड्यासमोर एक खुर्ची ओढून बसले. सकाळपासून उभी होते म्हणून बसले, पण बघणाऱ्याला ते ठाण मांडल्यासारखं दिसलं असणार. असू दे. वेळापत्रक दोनदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे बघून म्हणाले की सुरक्षा रक्षकांना बोलवावं लागेल. मी म्हटलं, बोलवा. ते मला उचलतील, कुलूप उचलायला त्यांना येणार नाही.

भाऊ तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात खरा कटर होता. लांब दांड्यांचा, लाल. आता त्यांच्याकडेही निमित्त उरलं नव्हतं. ते माझ्या खुर्चीपाशी येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "पोरी, बाजूला हो. माझ्या पेन्शनचा प्रश्न आहे."

"मला वळसा घालून नाही कापता येणार भाऊ," मी म्हटलं. "माझ्यावरून कापावं लागेल."

माझ्या खिशातला फोन वाजला.

ताई होती. धापा टाकत होती. तिला आज गणवेश घालून मांडवाच्या दाराशी गुच्छ घेऊन उभं केलं होतं, फोन पिशवीत होता. मी फोनचा आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. विचारलं, मिशाकाका कुठे आहेत?

"किनाऱ्यावर, खड्ड्यात," ताई म्हणाली. "मी इथून तंबू बघतेय. ते आणि त्यांची दोन माणसं सकाळपासून आमच्या टोकाचा सांधा जोडताहेत. सांधा उघडा आहे. का?"

मी सांगितलं की आमच्याकडे थोड्या वेळात केबलमध्ये वीज सोडणार आहेत.

"कशी सोडतील?" ती म्हणाली. "बटण तर खोटं आहे. नुसता दिवा लागतो. आम्हाला सांगितलंय की दोन्हीकडे खोटंच आहे, खरी वीज पुढच्या आठवड्यात. म्हणून तर काका कुलूप ठेवून आले. तुमच्याकडे खोटं नाही?"

मी वेळापत्रकांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. नंतर मला जे समजलं ते असं: शेवटच्या बैठकीत आमच्याकडच्या कोणीतरी म्हटलं होतं की खोटं बटण दाबणं हा जनतेचा अपमान आहे, आपल्याकडे खरंच दाबू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पलीकडे हे कळवायचं, असं ज्याला वाटलं त्याला ते दुसऱ्यानं कळवलं असेल असंही वाटलं. बटणाचा रंग, बटणाची उंची, दाबताना कोणाचा हात वर, हे सगळं दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं होतं. एकाचं बटण खरं आणि एकाचं खोटं, एवढंच विचारायचं राहून गेलं.

"ताई," मी म्हटलं, "आमच्याकडच्या खटक्याला दोन कुलपं आहेत. एक काकांचं, एक माझं. दोन्ही लागलेली आहेत."

तिनं ते वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. मी 'बरोबर' म्हटलं.

भाऊंनी कटर जमिनीवर ठेवला. इतक्या हळू, जणू झोपलेलं मूल.

पुढचं सगळं हसण्यासारखं आहे, पण तेव्हा कोणी हसलं नाही. वेळापत्रकांनी कोणाकोणाला फोन केले. भाऊंनी मंत्र्यांच्या बटणाची वायर काढून ती भिंतीतल्या साध्या प्लगला जोडली आणि पुढे एक हिरवा दिवा लावला. लहान मुलांच्या खेळण्यात असतो तसा. मंत्री आले, हार झाले, भाषणं झाली. पडद्यावर पलीकडचे मंत्री दिसत होते, त्यांच्यामागे गुच्छ धरलेली ताई. दोघांनी एकदम बटणं दाबली, दोन्ही किनाऱ्यांवर दिवे लागले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आमच्या मंत्र्यांनी सांगितलं की या क्षणी दोन देशांच्या नसांतून एकच वीज वाहते आहे. आत हॉलमध्ये दोन कुलपं शेजारी शेजारी लटकली होती आणि कुठूनही कसलीच वीज वाहत नव्हती.

मांडव उतरला तशी मला वाटलं होतं की साहेब निदान डोळे खाली घालतील. त्यांनी मला खोलीत बोलावलं. म्हणाले, नियंत्रण कक्षात खाजगी फोन वापरला, मंत्रालयाच्या अधिकाऱ्याला उलट उत्तरं दिली, वरिष्ठांचा हुकूम मोडला. उद्यापासून येऊ नका, पुढचं आम्ही कळवू. आणि आज जे घडलं ते घडलेलं नाही, कारण उद्घाटन व्यवस्थित पार पडलंय.

मी विचारलं, "तीन माणसं खड्ड्यात होती, तेही घडलेलं नाही?"

"ती सुखरूप आहेत ना? मग झालं तर." मग त्यांनी हात पुढे केला. "कुलपाची चावी द्या."

"कुलूप ज्याचं, त्यानंच काढायचं," मी म्हटलं आणि पाळणाघर बंद व्हायच्या आत निघाले.

घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, सरकार पडलं म्हणायचं. मी म्हटलं, पडलं नाही, विरोधी पक्षात गेलंय. तो हसला, पण रात्री कडी लावताना माझ्या आधी त्यानंच ती हलवून बघितली. लेकीच्या हातातला लाकडी मासा घेऊन सासूबाईंनी तो पदरानं पुसला आणि तिला परत दिला.

पुढचा आठवडा मी घरीच होते. काळजीचं म्हणाल तर ती होतीच, आता पगाराचीही होती. पण एक गंमत झाली. रात्री मला झोप लागायची.

खरी वीज सोडायच्या दिवशी आम्ही दुपारचं जेवायला बसलो होतो, तेव्हा दारात गाडी थांबली. साहेबांचा ड्रायव्हर. म्हणाला, मॅडम, लगेच बोलावलंय. कशाला, ते त्याला पुरतं माहीत नव्हतं, पण जे ऐकलं होतं ते त्यानं मजेत सांगितलं. मिशाकाका बोटीनं आले, त्यांनी आपलं कुलूप काढलं. पिवळं राहिलं. साहेब म्हणाले कापा. पण पलीकडची बाई फोनवर अडून बसली आहे. दोन कुलपं लागल्याचं मला माझ्या ताईनं सांगितलं, दोन्ही निघाल्याचं तिच्याच तोंडून ऐकेन, तोवर माझ्याकडून 'बरोबर' मिळणार नाही, म्हणते. त्यांच्या साहेबांनी तिला दम भरला तर तिनं आपल्याकडच्या दांड्यालाही स्वतःचं कुलूप घातलंय. आता दोन्ही मंत्रालयांतून फोनावर फोन येताहेत.

मी हात धुवायला उठले. सासूबाईंनी मला हातानं खाली बसवलं.

"जेवतेय ती," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. "बाहेर बाकावर बस. पाणी हवंय का तुला?"

मी जेवले. सावकाश. मग लेकीला कडेवर घेतलं. सासूबाई म्हणाल्या, मी सांभाळते की. आणि लगेच म्हणाल्या, "नको, घेऊन जा. बघू दे त्यांना."

हॉलमध्ये साहेब होते, वेळापत्रक होते, भिंतीला टेकून भाऊ होते. मिशाकाका दांड्यापाशी हाताची घडी घालून पहाऱ्याला उभे असल्यासारखे उभे होते. निळं कुलूप त्यांच्या कमरेला लटकत होतं. मला बघून त्यांनी मान लववली. मोडक्या भाषेत म्हणाले की त्या खड्ड्यात त्यांचा जावईही होता, त्याला काही झालं असतं तर मुलीनं त्यांना जन्मभर घरात घेतलं नसतं. मग लेकीकडे बघून त्यांनी मिशा हलवल्या. ती घाबरली आणि मग हसली.

साहेब म्हणाले, "चला, उशीर झालाय."

मी आधी खटक्याभोवती फिरून सगळं पाहिलं. एकदा फिरले, मग पुन्हा फिरले. मग थेट फोन उचलला. ताईनं सांगितलं की त्यांच्या टोकाला केबलवर एकही माणूस नाही, खड्डा बुजवला आहे, आणि माझं कुलूप निघालं की ती तिचं काढणार आहे. मी ते परत म्हटलं. ती म्हणाली, बरोबर. मी सांगितलं की मी माझं कुलूप माझ्या हातानं काढते आहे. तिनं ते परत म्हटलं. मी म्हटलं, बरोबर.

लेकीला एका हातानं सावरत दुसऱ्या हातानं मी चावी फिरवली. पट्टी निघाली. ताईनंही तिचं काढल्याचं फोनवर सांगितलं, मी ते परत म्हटलं, ती म्हणाली, बरोबर. दांडा भाऊंनी ओढला, आणि जमिनीखालून, बुटांच्या तळव्यांना जाणवेल न जाणवेल असा एक घुमारा उठला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. लेकीनं बदकाकडे बोट दाखवून 'माझं' म्हटलं.

साहेबांनी हात पुढे केला. "कुलूप इथे जमा करा. ते केंद्राचं आहे."

"त्यावर फोटो माझा आहे," मी म्हटलं आणि ते पिशवीत, लेकीच्या लंगोटांच्या घडीखाली ठेवलं. "उद्या सकाळच्या पाळीला येते."

साहेब वेळापत्रकांकडे बघू लागले. वेळापत्रकांनी घड्याळात पाहिलं, मग फोनकडे. तो अजून चालू होता आणि त्यातून ताई विचारत होती की उद्या सकाळी तिकडे कोण असणार आहे.

"मी," मी फोनमध्ये म्हटलं.

तिनं ते परत म्हटलं. मी म्हटलं, बरोबर.

रात्री नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून विचारत होता, झालं का सरकार, गॅस बघून?

मी म्हटलं, थांब, अजून एकदा बघते.